तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे? महापूर, वादळ आणि स्थानिक रेडिओची जबाबदारी



सुरुवातीला एक खुलासा करतो. इथे माईकसमोर एकच माणूस उभा असला तरी बोलणार आहे ते ‘आम्ही’ म्हणून. आम्ही म्हणजे पाच-सहा मित्रमैत्रिणी. त्यातला एक सांगलीकडचा, एक चिपळूणची, बाकीचे पुण्यात स्थायिक झालेले. गेली काही वर्षं आम्ही पावसाळ्यात मुद्दाम रेडिओ ऐकतो आणि काय ऐकलं ते वहीत टिपून ठेवतो. आम्ही पत्रकार नाही, हवामानतज्ज्ञ तर नाहीच नाही. आम्ही श्रोते आहोत. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, अगदी गणपतीतल्या देखाव्यांचीही होते. रेडिओची मात्र होत नाही. झालीच तर गाण्यांची आणि जुन्या निवेदकांच्या आठवणींची. संकटाच्या रात्री रेडिओ काय बोलला आणि काय बोलला नाही, याची समीक्षा कुणी करत नाही. आज ती करायचा प्रयत्न आहे.

आमच्या वहीतल्या एका नोंदीपासून सुरू करतो. जुलैतली एक संध्याकाळ. जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता. आम्ही एक एफएम केंद्र लावून बसलो. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका केंद्राचा नाही. तासभर ऐकलं. निवेदक छान बोलत होता. बाहेर मस्त पाऊस पडतोय, गरमागरम भजी, आल्याचा चहा, तुमची पावसातली पहिली भेट आठवा, आणि मग पावसाची गाणी. त्या तासात ‘ऑरेंज’ हा शब्द एकदाही आला नाही. गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव एकदाही आलं नाही. ‘बाहेर मस्त पाऊस’ म्हणजे कुठल्या बाहेर, तेही कळलं नाही, कारण कार्यक्रम दुसऱ्याच शहरातून येत होता, हे आम्हाला नंतर समजलं. त्याच्या खिडकीबाहेर कदाचित खरंच मस्त पाऊस असेल. आमच्या नदीचं पाणी तेव्हा घाटाच्या पायऱ्या चढत होतं.

आता कुणी म्हणेल, करमणुकीच्या वाहिनीकडून एवढी अपेक्षा कशाला? हवामानाचा इशारा द्यायला आकाशवाणी आहे, टीव्ही आहे, मोबाइल आहे. बरोबर आहे. म्हणून आधी इशाऱ्याकडेच बघू.

२६ जुलै २००५ हा दिवस इथल्या बहुतेकांना आठवत असेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला नोंदला गेला सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही मुंबईच. मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. कुलाब्यात बसलेल्या माणसाने ‘मुंबईत आज पाऊस आहे’ असं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण कुर्ल्यात कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा काय उपयोग? संकट नेहमी गल्लीत येतं, जिल्ह्यात येत नाही. जिल्हा ही कागदावरची गोष्ट आहे. ‘स्थानिक’ या शब्दाची किंमत इथे कळते.

आता बुलेटिनची भाषा घेऊ. आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो एका वाक्यावर. तुम्ही ते शेकडो वेळा ऐकलं असेल. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता आहे.’ हे ऐकून घरातला माणूस काय समजतो, हे आम्ही ओळखीच्या लोकांना विचारून पाहिलं. बहुतेकांच्या कानात राहिला तो पहिला शब्द, ‘तुरळक’. म्हणजे फार नाही, इकडेतिकडे थोडाफार. एका काकूंनी तर सांगितलं, ‘तुरळक म्हणाले म्हणजे वाळवण ठेवायला हरकत नाही.’

प्रत्यक्षात हा शब्द पावसाच्या जोराबद्दल नाहीच. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि त्याच्यापुढे बहुतेक सगळीकडे. पावसाचा जोर वेगळ्या शब्दांत सांगितलेला असतो. दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या वर त्याहून वरची पायरी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ याचा अर्थ असा की चार गावांतल्या एखाद्या गावावर आभाळ कोसळेल, कुठल्या ते आज सांगता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य प्रामाणिक आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते फसवं आहे. वेधशाळेने ते तसंच लिहावं, तिचं काम मोजण्याचं आहे. पण रेडिओने ते तसंच वाचून दाखवलं तर रेडिओने काय केलं? कागद मोठ्याने वाचला, एवढंच.

दुसरं उदाहरण क्युसेकचं. ‘धरणातून पन्नास हजार क्युसेकने विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पन्नास हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला चौदा लाख लिटर. ऐकून छाती दडपते, पण माझ्या उंबऱ्याला पाणी लागणार की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि गंमत बघा, हे कळण्याचं माप लोकांकडे आधीपासून आहे. सांगलीत कुणीही क्युसेकमध्ये बोलत नाही. सांगलीकर विचारतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. कोल्हापूरकर विचारतो, ‘राजाराम बंधाऱ्याला किती झालं?’ तिथे ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमचा सांगलीचा मित्र सांगतो, त्या दिवसांत फोनवर एकच आकडा फिरत होता, दर तासाला, घरोघरी. लोकांनी आपलं बुलेटिन आपणच चालवलं होतं. स्थानिक रेडिओ म्हणजे याहून वेगळं काय असतं? धरणावरचा क्युसेक, त्याचे आयर्विनचे फूट, आणि त्या फुटांची गल्ली, एवढं भाषांतर करून सांगायचं. आमच्या मते रेडिओ केंद्र स्थानिक ठरतं ते टॉवर गावात आहे म्हणून नाही. गावाचं माप त्याला पाठ आहे, म्हणून ठरतं.

आता मोबाइलचा मुद्दा. २०२३ मध्ये तुमच्या-आमच्या सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते आणि पडद्यावर सरकारचा चाचणी संदेश आला होता. आठवतंय ना? ती व्यवस्था चांगली आहे, आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण तो संदेश टॉवरवरून येतो, आणि टॉवर विजेवर चालतो. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. इशारा वेळेत मिळाला होता, हजारो लोकांना आधीच हलवलं होतं, हे मान्य केलंच पाहिजे. त्याचं श्रेय हवामान खात्याला आणि प्रशासनाला. पण पुढे? श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलची रेंज गेली, आणि कित्येक गावं कित्येक आठवडे अंधारात राहिली. घरावर पत्रा नाही, नारळी-पोफळीच्या बागा झोपलेल्या, आणि वर मृगाचा पाऊस तोंडावर. अशा वेळी माणसाला कुठल्या गोष्टी कळायला हव्या असतात? पंचनाम्याला तलाठी आमच्या वाडीत कधी येणार. ताडपत्री कुठे मिळते. रॉकेल कुठे मिळतं. कुठला रस्ता मोकळा झाला. मुंबईतल्या मुलाला ‘आम्ही ठीक आहोत’ हे कसं कळवायचं. यातली एकही गोष्ट मुंबईच्या टीव्हीवर येत नाही, कारण मुंबईच्या दृष्टीने वादळ त्याच संध्याकाळी संपलेलं असतं.

चिपळूणची आमची मैत्रीण २२ जुलै २०२१ बद्दल बोलते तेव्हा पाण्यापेक्षा शांततेबद्दल जास्त बोलते. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक वरच्या मजल्यावर गेले, वीज गेली, एकेक करून फोन बंद पडले. ‘पाणी अजून चढतंय की थांबलंय, एवढंच कळायला हवं होतं,’ ती म्हणते. ‘भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत होतो.’ मंडळी, दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि त्यातून बोलणारं गावातलं कुणीतरी, एवढ्यावर भागणारी ही गरज आहे. इशारा देण्याचं काम आता फोन करेल. इशाऱ्यानंतरच्या रात्री जागं राहण्याचं काम रेडिओचं आहे. आमच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच.

मग हे होत का नाही? केंद्रांना विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही.’ हे अर्धसत्य आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं प्रसारित करता येतं, तेवढंच. आमच्या मते हा नियम आजच्या काळात टिकणारा नाही. पण त्याच २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात काही गोष्टी ‘बातमी’ धरल्या जाणार नाहीत असं स्पष्ट लिहिलं आहे. वाहतूक आणि हवामान त्यात आहेत. स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती यांबद्दलच्या सूचनाही त्यात आहेत. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या निवेदकाला भज्यांच्या मध्ये नदीची पातळी सांगायला कायद्याने अडवलेलं नव्हतं. अडवलं असेल तर ते एकाच गोष्टीने. सांगायला गावात कुणी नव्हतं. याच धोरणाने एका कंपनीला आपली केंद्रं जोडून एकच कार्यक्रम अनेक शहरांत वाजवायची मुभाही दिली. व्यापाराच्या हिशेबाने ते शहाणपणाचं असेल. पण परवाना गावाचा, जाहिराती गावातल्या दुकानांच्या आणि आवाज परगावचा, या व्यवहारात गावाला काय मिळालं?

याचा शेवट कुठे होऊ शकतो, याचं एक परदेशी उदाहरण प्रसारणाच्या चर्चेत नेहमी दिलं जातं. तिथे संकट हवामानाचं नव्हतं, पण प्रश्न हाच होता. १८ जानेवारी २००२ ला अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट गावाजवळ मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग गावावर आला. पोलिसांनी आणीबाणीसाठी नेमलेल्या रेडिओ केंद्राला फोन केले. कुणी उचलेना. गावातली सहा व्यापारी केंद्रं एकाच मोठ्या कंपनीची होती. एक माणूस गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. कंपनीचं म्हणणं होतं की पोलिसांनी इशारायंत्रणा नीट वापरली नाही. इतरांचं म्हणणं होतं की केंद्रात माणूसच नव्हता. आमच्या दृष्टीने यातून एवढंच घ्यायचं की यंत्र आहे म्हणून माणूस काढून घेतला, की यंत्र चुकेल त्या दिवशी दोन्ही नसतात.

उलट उदाहरणही त्याच देशातलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. डब्ल्यूडब्ल्यूएल हे तिथलं जुनं मध्यम लहरींचं केंद्र बोलत राहिलं. लोक फोन करून सांगत, अमुक गल्लीत अमुक घरात आम्ही अडकलोय, आणि ते प्रसारित होई. पुढे एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांनी आपली केंद्रं एकत्र करून सामाईक प्रसारण चालवलं. जाहिरातीतली स्पर्धा काही दिवस बाजूला ठेवली म्हणून कुणाचं दिवाळं निघालं नाही.

इथे एक रास्त शंका येते. लोकांचे फोन थेट प्रसारित केले तर अफवा पसरणार नाहीत का? पसरतील. न्यू ऑर्लिन्समध्येही त्या दिवसांत अफवांचं पीक आलं होतं. ‘धरण फुटलं’ या दोन शब्दांनी आपल्याकडे काय होऊ शकतं, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पण अफवा शांततेत जास्त वाढते, हेही आपण पाहिलं आहे. व्हॉट्सॲपवरच्या अफवेला उत्तर द्यायला कुणी ओळखीचा आवाज नसतो. गावातला निवेदक ‘आत्ता कंट्रोल रूमशी बोललो, धरण सुरक्षित आहे, पातळी अमुक फूट’ असं म्हणाला तर लोक ऐकतात, कारण हाच माणूस रोज सकाळी त्यांना बाजारभाव सांगत असतो. विश्वास पुराच्या रात्री तयार होत नाही. तो उन्हाळ्यात कमवून ठेवावा लागतो.

आपल्याकडे हे जमणार नाही असं अजिबात नाही. तमिळनाडूत पांबनला ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांचं सामुदायिक केंद्र २०१६ पासून चालतं. समुद्र आणि वारा हाच त्याचा रोजचा विषय आहे. आपल्या माणदेशात म्हसवडला बायकांनी चालवलेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. २००६ च्या धोरणाने संस्थांना अशी केंद्रं काढायची वाट मोकळी केली. शंभर वॉटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. पुरासाठी एवढाच टप्पा लागतो. जपानने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर एक सोय केली. संकटात नगरपालिकेला तात्पुरतं रेडिओ केंद्र हवं असेल तर परवाना नुसत्या फोनवर मिळू शकतो. २०११ च्या त्सुनामीनंतर अशी सुमारे ३० केंद्रं उभी राहिली. पाणी कुठे मिळेल, आंघोळीची सोय कुठे आहे, कोण कुठल्या निवाऱ्यात आहे, हे त्यांचे कार्यक्रम. चकचकीत काही नाही.

आणि आकाशवाणी? तिच्यावर टीका करताना आम्हाला आनंद होत नाही. मच्छीमारांसाठीचे इशारे वर्षानुवर्षं तिनेच दिले. पण तीही हळूहळू गावापासून दूर चालली आहे. केंद्रांचे स्थानिक तास कमी होतात, जागा रिकाम्या राहतात, मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकामागून एक बंद होऊन एफएम येतं. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, यात वाद नाही. पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगराआड पोचत नाही. मध्यम लहर जमीन धरून लांबपर्यंत जाते. कोकणातल्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला हा फरक पुस्तकात वाचावा लागत नाही.

मग आमचं मागणं काय? तीनच गोष्टी. एक, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या रात्री परवाना असलेल्या प्रत्येक केंद्रात, त्या गावात, एक तरी जागा माणूस असावा, ही परवान्याची अट असावी. १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या मालमत्तेच्या वापराबद्दल एवढं भाडं मागणं जास्त नाही. दोन, तालुक्याच्या आपत्ती कक्षाने आपल्या सूचना फुटांत आणि गल्लीच्या नावाने द्याव्यात, आणि केंद्राने त्या समजतील अशा सांगाव्यात. तीन, प्रत्येक केंद्राकडे डिझेलसह जनरेटर असावा आणि तो जूनच्या आधी चालवून बघितलेला असावा.

शेवटी आपल्यावरही काही आहे. सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितलं, आणि कारणांत आपत्तीचाही उल्लेख होता. पण फोनमधला एफएम चालायला वायरवाला हेडफोन लागतो, तीच त्याची अँटेना. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात तो आहे? हात वर करा. बघा, सात-आठ. आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर? तीन. म्हणजे उद्या रेडिओ जागा राहिला तरी ऐकणार कोण, हा प्रश्न केंद्रवाले आपल्याला विचारू शकतात, आणि तो चुकीचा नसेल.

म्हणून एक छोटं काम देतो. पुढचा अलर्ट येईल त्या संध्याकाळी एक तास आपलं जवळचं केंद्र ऐका. वहीत तीनच गोष्टी लिहा. तुमच्या नदीचं नाव आलं का? पातळी सांगितली का, आणि कुठल्या मापात? बोलणारा माणूस तुमच्या गावात होता का? तारीख, वेळ घाला आणि ते पान केंद्राला पाठवा, एक प्रत तहसीलदारांना. आम्ही आमची पानं पाठवली आहेत. दोन केंद्रांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने गेल्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता पहिल्यांदा नदीची पातळी फुटांत सांगितली. सांगताना निवेदिका जरा अडखळली, पण आकडा बरोबर होता. सांगलीच्या मित्राने आयर्विनवर फोन करून खात्री केली.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.